उजेडाला काजळ

चोपड्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या झाल्या आहेत.

फुलांनी नव्हे, कापसाने. वेचणी सुरू झाली की शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या या अरुंद रस्त्याने जिनिंगकडे जाऊ लागतात आणि दोन्ही बाजूंनी वाकलेल्या बाभळी प्रत्येक गाडीकडून आपला वाटा काढून घेतात. बोटभर इथे, मूठभर तिथे. दिवसा तो कापूस मळका दिसतो, कुणी टाकून दिल्यासारखा. दिवेलागणीनंतर मात्र गाडीचा उजेड पडला की काट्यांत अडकलेला एकेक पुंजका जागा होतो. अंधारात कुणीतरी उभे आहे, आपल्याकडे पाहत आहे आणि पापणी मिटायला विसरले आहे, असे वाटते.

गेल्या वर्षीपर्यंत मला हे दृश्य फार आवडायचे. वर्गात उपमा शिकवताना मी ते वापरलेही होते. आता मी त्या पुंजक्यांकडे उंची मोजत पाहते. माझा उजेड कुठवरच्या कापसाला जागे करतो आहे? खालच्या फांद्यांपुरताच असेल तर श्वास सुटतो. शेंड्यावरचा कापूस चमकला, तर स्टिअरिंगवरचे हात गार पडतात.

मार्गशीर्षातल्या या मुलखाला स्वतःचा एक वास आहे. ओल्या पऱ्हाट्यांच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या धुराचा, केळीच्या बागांत कुजत पडलेल्या पानांचा, आणि गावाजवळ आले की काटक्यांच्या आगीत भाजल्या जाणाऱ्या भरिताच्या वांग्यांचा. दिवस लहान असतो. कॉलेजातला शेवटचा तास संपवून मी चोपड्याहून जळगावकडे निघते तेव्हा सातपुड्याची रेघ निळी असते. धानोऱ्याच्या आसपास ती नुसती आठवण उरते. मग तापीच्या पुलापर्यंत अंधार, आणि अंधारात आपण आपल्यासाठी आणलेला उजेड. त्या उजेडाविषयीच मला बोलायचे आहे. वर्षभर ते राहून गेले आहे.

पन्नाशी जवळ आली तसा रात्रीचा रस्ता माझ्यापासून दूर सरकू लागला. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, फक्त वय झाले. समोरून गाडी आली की माझ्या नजरेत दुधासारखे काहीतरी सांडायचे आणि ते पुसले जाईपर्यंत रस्ता नसायचाच. माझ्या जुन्या गाडीचे पिवळे दिवे आजारी माणसाच्या हसण्यासारखे होते. मागल्या वर्षी कार्तिकात एका संध्याकाळी केळीचे घड भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. मला ती दिसली तेव्हा केळीची पाने हात लांबवून शिवता येतील इतकी जवळ होती. गाडी थांबली. इंजिन बंद पडले. काचेवर केळफुलाची एक लाल पाकळी येऊन चिकटली होती. ती काढायला हात उचलेना.

त्याच आठवड्यात मी युसुफचाचांकडे गेले. जळगावात गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा हा सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी दिव्याची काच बोटाने पुसली आणि मान हलवली.

“मॅडम, काच घासून देतो. त्याच जातीचा चांगला बल्ब टाकतो. तेवढं पुरे.”

“मला पांढरा हवा. लख्ख.”

“पांढरा टाकून देईन. पण घर जुनं आणि दिवा नवा. तो घरात राहत नाही, बाहेर सांडतो.”

“सांडू दे. मला रस्ता दिसला पाहिजे.”

ते थोडे हसले. नवे दिवे बसवले, आणि संध्याकाळ होईपर्यंत मला थांबवून दुकानासमोरच्या भिंतीवर उजेडाची रेघ लावून दिली. मग बॉनेट उघडून दिव्यामागचा एक स्क्रू दाखवला. “मागे माल टाकता का कधी?”

“माल कसला? उत्तरपत्रिका!”

“मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं. नाक वर झालं की उजेड समोरच्याच्या डोळ्यात. नव्या गाड्यांत आत बसून फिरवायचं चक्र असतं, तुमच्या गाडीत ते नाही. वजन टाकलं तर हा इथे उतरवायचा. विसरू नका.”

विद्यार्थी माझ्या व्याख्यानाला ज्या प्रकारे मान डोलवतात, तशी मी मान डोलवली. त्यांनी दिलेला छोटा स्क्रूड्रायव्हर कप्प्यात टाकला. त्यावर दोन कवितासंग्रह ठेवले.

आणि पुढचे तीन आठवडे मी या रस्त्याची राणी होते. खड्डा दिसे, खड्ड्याच्या कडेचा खडा दिसे, साइडपट्टीवर बसलेल्या सशाच्या मिशा दिसत. बाभळीवरचा कापूस तर असा पेटून उठे, की मी एकदा मोठ्याने “अहाहा” म्हटले. कुणासाठी, कोण जाणे.

*

आबा, माझे वडील, याच भागात भाड्याची जीप चालवत. वेचणीच्या दिवसांत मजुरणींना शेतावर पोचवायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. सहावी-सातवीत असताना मी पुढच्या सीटवर, त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये बसत असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप धुऊन झाली की ते काळ्या रंगाचा एक डबा काढत आणि दोन्ही दिव्यांच्या काचांचा वरचा अर्धा भाग काळा करत. डबा मी धरायचा. आबा त्याला रंग म्हणत नसत, काजळ म्हणत.

एकदा मी विचारले, गाडीला काजळ कशाला?

आबांनी कुंचला न थांबवता सांगितले, “लेकराले काजय लावतंस ते लोकेसनी नजर त्याले लागू नही म्हनीसन. गाडीले लावतंस ते गाडीनी नजर लोकेस्ले लागू नही म्हनीसन.”

त्या वयात मला ते केवळ गमतीचे वाटले. नंतर शिकवताना मी कितीतरी प्रतिमा उलगडल्या, पण काजळाची दिशा उलटवणारी ती एक ओळ मला कधी पुन्हा आठवली नाही. आठवायची त्या दिवशी तर नाहीच.

आणि बैलगाडी. समोरून घुंगरू ऐकू आले की आबा जीप कडेला घेत, मोठे दिवे मालवत, नुसते बारीक दोन दिवे ठेवत. मागे बसलेल्या बाया बोलता बोलता गप्प होत. अंधारातून आधी बैलांचा उबदार वास येई, मग घुंगरांचा आवाज, मग चाकाची एक लांब कुरकुर. कुणाचा चेहरा दिसत नसे. फक्त “राम राम” येई आणि आबांचे “राम राम” जाई. गाडी पूर्ण मागे गेल्यावरच दिवे लागत. घाई असलेली एखादी बाई कुरकुरली तर आबा म्हणत, “बैलना डोयामा उजेड टाकू नही, माय. त्याले वाट दिसत नही ते दिसत नही, आपला धनी बी दिसत नही. मंग तो कोनावर भरोसा ठेवी?”

*

नव्या दिव्यांचे ते तीन आठवडे संपले त्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी माहेरी गेले. चोपड्यापासून जवळच आमचे गाव. आबा गेल्यापासून शेत विलास पाहतो, माझा धाकटा भाऊ. नवे धान्य आले की बहिणीची गाडी भरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ज्वारीची तीन पोती, उडदाची एक गोणी, भरिताची वांगी, कच्च्या केळ्यांच्या फण्या, वर उशीसाठी सरकी काढलेला कापूस. गाडी मागे बसली. विलासने दोन पावले मागे होऊन तिच्याकडे पाहिले आणि तो हसू लागला.

“गाडीनं नाक तर देख, ताई! तू सासरले गयती तवय असंच नाक वर व्हतं.”

वहिनी हसली, मी हसले. कुणी सांगितले नाही असे मी म्हणू शकत नाही. युसुफचाचांनी एकदा सांगितले होते. भावाने पुन्हा, थट्टेच्या शब्दांत, सांगितले. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि निघाले.

त्या संध्याकाळी समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मारत होता. एकदा, दोनदा, चिडून तीनदा. मला वाटले, या रस्त्यावरच्या लोकांची रीतच बिघडली आहे. एक ट्रकवाला खिडकीतून डोके काढून काहीतरी ओरडला. मी काच वर केली. दुसऱ्याला मीही रागाने मोठा उजेड मारला. एक मोटारसायकलवाला तर कडेला थांबून पंजा कपाळाशी धरून उभा होता. मला तो नमस्कार वाटला. मी मान लववून पुढे गेले. हे लिहिताना आजही कान तापतात: मी मान लववली होती.

बाभळी शेंड्यापर्यंत पांढऱ्या पेटल्या होत्या. इतक्या वर उजेड कसा जातो आहे, हे मला दिसत होते, आणि मी त्याचे कौतुक करत होते.

मला तीन बैलगाड्या भेटल्या. पहिल्या दोन नीट आठवत नाहीत. तिसरी धानोऱ्यापुढच्या वळणावर. उजेडात आधी चार हिरवे डोळे आले, काचेसारखे, न हलणारे. मग वर झालेल्या दोन माना. मग एक हात. तो थांब म्हणत होता की कुणाला धरत होता, ते कळायच्या आत मी पुढे निघून गेले होते. वेग कमी केला होता, असे मला आठवते. आरशात काळोख होता. काच बंद होती, तरी घुंगरू एकदम, सगळे एकाच वेळी वाजल्यासारखे वाटले, आणि मग काहीच नाही. तो आवाज मी खरेच ऐकला, की सोमवारनंतर माझ्याच मनाने त्या आठवणीत नेऊन ठेवला, हे मला सांगता येत नाही. वर्षभर मी तेवढाच एक क्षण पुन्हा पुन्हा कानाशी धरला आहे. शंख रिकामाच असतो, पण समुद्र ऐकू येतो.

सोमवारी कॉलेजात चहा घेऊन भटूभाऊ आले. आमच्या विभागाचे शिपाई, धानोऱ्याकडचे.

“उद्या सुट्टी लागीन मॅडम. आमना काका पडना गाडीवरथीन. शनवारे, सात वाजाले. समोरथीन पांढरा उजेड उना, बैलं बुजनात, गाडी नालीमा. काकानं खांदानं हाड मोडनं. एक बैल बी लंगडस.”

“कोणती गाडी होती?” हे मीच विचारले.

“काय मालूम. दिसाले पाहिजे ना. उजेडना मांगे कोन शे ते कोनले दिसस?”

चहावर साय धरली. ती मी बघत राहिले.

माझे यजमान धुळ्याला नोकरीला असतात. रात्री फोनवर मी त्यांना सगळे सांगितले. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी लगेच मला सोडवायला सुरुवात केली. “त्या वेळी त्या रस्त्याने तुझी एकटीचीच गाडी होती का? आजकाल सगळ्यांचेच दिवे पांढरे. तू थांबली नाहीस कारण काही घडलंच नव्हतं.”

“आणि घडलं असेल तर?”

“तर आता जाऊन त्याचं हाड सांधणार आहे का?”

बोलणे बिनचूक होते. मी नऊ दिवस त्याच्या आडोशाला राहिले. त्या नऊ दिवसांत मी एस.टी.ने गेले-आले. रोज संध्याकाळी ते वळण आले की खिडकीची काच सरकवून बाहेर कान लावायचा, हे व्यसन तेव्हा लागले. नालीत मोडलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. त्यावरचा कापूस हळूहळू मातीचा रंग घेत होता.

दहाव्या दिवशी युसुफचाचांकडे गाडी नेली. भिंतीवर त्यांची रेघ जिथल्या तिथे होती.

“फोकस बरोबर आहे, मॅडम.”

“मागे तीन पोती ज्वारी असती तर?”

चाचा भिंतीपाशी गेले. रेघेखाली तळहात धरला आणि तो भिंतीवरून सावकाश वर नेऊ लागले. छाती, गळा, हनुवटी. स्वतःच्या डोळ्यांशी आल्यावर थांबले. हात तिथेच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

“उतरवून देऊ?”

“आज नको,” मी म्हटले. “आहे तसाच कुणाला तरी दाखवायचा आहे.”

*

भर दुपारी, पोती पुन्हा गाडीत घालून, दिवे न लावता मी नानांच्या दारात गेले. भटूभाऊंचे काका, सगळे त्यांना नाना म्हणतात. ओट्यावर बसले होते, हात झोळीत. त्यांच्या पत्नी, अक्का, सुपात उडीद पाखडत होत्या. मी पाणी प्यायले आणि भांडे खाली ठेवून म्हटले, “नाना, त्या दिवशीची ती गाडी माझी असेल.”

अक्कांचे सूप थांबले. “असेल म्हंजे? व्हती का नव्हती?”

“मला माहीत नाही, अक्का. म्हणूनच आले.”

नानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, जणू माझ्या चेहऱ्यावरच दिवे बसवलेले आहेत. “पांढरा उजेड बठ्ठा एकसारखाच शे, बहिन. मी तुले कसं वयखू?”

“ज्यानं कयं तो येत नही,” अक्का सुपाकडे पाहत म्हणाल्या, “जी उनी तिले मालूम नही. चांगला न्याय शे!”

मी खर्चाचे बोलू लागले तर त्यांनी हातानेच ते झटकले. हरण्याच्या औषधपाण्याचे तेवढे माझ्याकडे द्या, असे मी मागून घेतले. हरण्या म्हणजे लंगडणारा बैल. गोठ्याच्या सावलीत तो मागचा पाय अधांतरी धरून उभा होता.

“त्यालेच इचार,” नाना अचानक म्हणाले. “त्यानं देखेल शे. मन्हा तर डोया मिटनात.”

अक्का म्हणाल्या, “म्हतारा येडा झाया.” पण दिवस बुडाल्यावर हरण्याला त्यांनीच सोडून आणले आणि गोठ्याच्या भिंतीपाशी उभे केले. मी गाडी समोर लावली. तीन पोती मागे, नाक वर. तो रवंथ करत होता. मी दिवे लावले.

रवंथ थांबला.

मान वर गेली, कान ताठ झाले, आणि ते दोन हिरवे डोळे माझ्यासमोर पुन्हा उघडले. भिंतीवरचा उजेड पत्र्याच्या छपरापर्यंत पोचला होता. दुखरा पाय त्याने जमिनीवर टेकवला, पळण्यासाठी. तेवढ्यात त्याच्या पलीकडच्या अंधारातून नानांचा आवाज आला, अगदी हळू, आपण इथेच असल्याचे सांगणारा, “हरण्या, आठेच शे मी. आठेच शे.”

मी बॉनेट उघडले. कवितासंग्रहांखालचा स्क्रूड्रायव्हर काढला. आधी एक दिवा, मग दुसरा. चार आटे, आठ आटे. उजेडाची कड भिंतीवरून खाली येऊ लागली. छपरावरून खुंटीवर, खुंटीवरून शिंगांवर, कपाळावर. डोळ्यांवर ती क्षणभर रेंगाळली, निदान मला तसे वाटले. मग गळ्यातल्या घुंगरांवर आली आणि गुडघ्यांवर स्थिरावली. वर सगळे अंधारात गेले. आणि त्या अंधारात, पहिल्यांदा अडखळत, मग संथ, रवंथाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

“बस,” नाना म्हणाले. “ऱ्हाऊ दे आते.”

निकाल मला मिळाला नाही. कुठल्याही पांढऱ्या उजेडापुढे तो असाच थांबला असता, हे मला ठाऊक आहे. पण आबांचे ते काजळाचे वाक्य त्या गोठ्यात मला पुन्हा सापडले, आणि ते सापडायला एका बैलाला लंगडे व्हावे लागले आणि एका माणसाचे हाड मोडावे लागले. कुणामुळे, ते बाभळींना ठाऊक असेल.

*

त्याच आठवड्यात मी युसुफचाचांकडून ते दिवे काढवून घेतले. काच घासून घेतली, साधेच पण चांगले बल्ब बसवले; त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते तेवढेच. काचांच्या वरच्या कडेला काळी पट्टी मी स्वतः चिकटवली. आता त्याची गरज नसते, असे चाचा म्हणाले. गाडीला काजळ का घातले, असे वर्गातल्या मुली विचारतात. मी सांगते, आणि त्या हसतात, जशी मी हसले होते. रस्ता मला जेवढा लागतो तेवढा दिसतो. समोरून आता कुणी दिवे मारत नाही. तरी प्रत्येक गाडी जवळ आली की मी वाट पाहते, कुणीतरी मारावेत आणि मला सांगावे.

यंदाची वेचणी सुरू झाली. परवा त्याच वळणाच्या अलीकडे मला घुंगरू ऐकू आले. मी गाडी कडेला घेतली. मोठे दिवे मालवले, बारीक ठेवले, काच खाली केली. पऱ्हाट्यांचा धूर आत आला, त्यामागून बैलांचा उबदार वास. मग आवाज जवळ आला. चाकाची कुरकुर, घुंगरू, आणि खुरांचा तो जुना ताल. मी कान देऊन ऐकत होते. सगळी पावले वेळेवर पडत होती, आणि एक पाऊल, दर वेळी, जरासे उशिरा.

अंधारातून “राम राम” आले.

नानांचे नाव ओठांवर होते. पण अंधारात नाव घेऊन बोलवायची रीत नाही, आणि हरण्याला माझी गाडी ओळखू येऊ नये असेही मला कुठेतरी वाटत होते. मी नुसते “राम राम” म्हटले. गाडी मागे गेली. ते उशिराचे पाऊल ऐकू येईनासे होईपर्यंत मी दिवे लावले नाहीत.